भुसावळच्या उन्हात कॉम्प्युटरची चक्की: पाण्यावर थंड ठेवायची कशी

मागच्या मे मधे शिरपूरची मावशी आली होती. गॅलरीत कूलर चालू, त्याचं तोंड बाहेर गल्लीकडे, आणि आम्ही सगळे आत पंख्याखाली घामानं निथळतोय. मावशीनं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "हाई काय शे रे भाऊ? कूलर गल्लीले हवा दी ऱ्हायना आन आपन आठे घामाघूम!" मी म्हटलं मावशी तो कूलर आपल्यासाठी नाहीये, कॉम्प्युटरसाठी आहे, त्यावर तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की पुढचं सांगायची हिंमतच झाली नाही. पण तिचं बरोबर होतं, ते कसं ते पुढं सांगतो.

तर भो, घरात दोन मशीन २४ तास चालतात, त्यात तीन ग्राफिक कार्ड, आणि ती सगळी दुसऱ्यांचं गणित सोडवतात, फुकट. संशोधकांकडं गणित डोंगराएवढं असतं आणि सुपरकॉम्प्युटरचा वेळ महाग, म्हणून ते गणिताचे तुकडे करून जगभरातल्या लोकांच्या घरच्या मशीनवर पाठवतात. १९९९ मधे सेटी ॲट होम आलं तेव्हा हे प्रकरण घराघरात पोचलं, परग्रहावरून काही सिग्नल येतो का ते शोधायचं काम होतं, मार्च २०२० मधे त्यांनी नवीन काम देणं बंद केलं. पण त्याच बर्कलीच्या मंडळींनी बनवलेलं बॉइंक नावाचं सॉफ्टवेअर आजही चालतं आणि त्यावर बरेच प्रोजेक्ट आहेत. मी आइनस्टाइन ॲट होम चालवतो. २००५ पासून सुरू आहे, लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेच्या डेटात गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशात उठणारे सूक्ष्म तरंग शोधतात आणि रेडिओ दुर्बिणींच्या डेटात पल्सार, म्हणजे गरगर फिरत ठरावीक ठेक्यात सिग्नल देणारे मेलेले तारे शोधतात. २०१० मधे त्यांना पहिला नवीन पल्सार सापडला तो अमेरिकेतल्या आयोवाच्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका माणसाच्या मशीनवर, म्हणजे अगदी आपल्यासारख्या घरगुती लोकांच्या. आणि लायगो-इंडिया तर आपल्या हिंगोलीत औंढ्याजवळ होतंय, तेव्हा मला हे काम परकं वाटत नाही. प्रोटीनचं काम आवडत असेल तर फोल्डिंग ॲट होम आहे, २००० पासूनचं, कोरोनाच्या काळात इतके लोक जोडले गेले की त्याची एकूण ताकद एक्साफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्य इतक्या गणितांच्या वर गेली होती, तेव्हा जगातल्या कुठल्याच सुपरकॉम्प्युटरनं तो आकडा गाठला नव्हता.

पैसे मिळत नाहीत, आधीच सांगतो. पॉइंट मिळतात, त्या पॉइंटला किराणा दुकानात कोणी विचारत नाही. ज्याला हे पटत नाही त्यानं इथंच थांबावं, राग नाही.

प्रोजेक्ट निवडताना आपल्याकडं एक गोष्ट बघा, लाइट. फोल्डिंग ॲट होमच्या कामाला मुदत कमी असते आणि लवकर परत केलं तर बोनस पॉइंट असतात, लाइट चार तास गेली की सगळा हिशोब बिघडतो. आइनस्टाइनच्या बऱ्याच टास्कना दोन आठवडे असतात, मधे लाइट गेली तरी काम शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे शेवटचं सेव्ह झालं तिथून पुढं चालू होतं. म्हणून खेड्यात किंवा जिथं लाइटचा भरवसा नाही तिथं बॉइंक. सेटिंगमधे जास्त काम साठवून ठेवू नका, अर्धा दिवस पुरे, नाहीतर मुदतीत संपत नाही आणि ते काम परत दुसऱ्या कोणाला द्यावं लागतं. आणखी एक, त्यात "सीपीयू टाइम इतके टक्के" असा पर्याय दिसेल, तो १०० वरच ठेवा आणि कमी करायचं तर कोअर कमी करा, कारण टाइम कमी केला की सीपीयू सेकंदा-सेकंदाला चालू बंद होत राहतो, फॅनचा आवाज वर खाली होतो आणि झोपलेला माणूस उठून शिव्या देतो.

आता लाइट बिल. १ हजार वॉट २४ तास चाललं की महिन्याला ७२० युनिट. आपल्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला दर चढतो, म्हणजे तुमचं घरचं १५० आणि त्यावर हे ७२०, तुम्ही थेट सगळ्यात महाग टप्प्यात. बाबा बिल हातात घेऊन म्हणाले होते "कायले करतो हे सगळं?" आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून आधी मोजा. वॉट मोजायचं यंत्र नसलं तरी चालतं, घराचा मीटर बघा, त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला युनिटमागे किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो, माझ्यावर ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, फक्त मशीन चालू ठेवा आणि एक मिनिट मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ५३ वेळा लुकलुकला म्हणजे १ हजार वॉट. माझं पहिल्यांदा ७४ आलं होतं, म्हणजे १४०० च्या आसपास, मी दोनदा मोजलं कारण विश्वास बसेना.

ते खाली कसं आणलं तर कार्डाला बांधून. ३०० वॉटचं कार्ड सॉफ्टवेअरमधे पॉवर लिमिट लावून २०० वर आणलं, काम थोडंसंच कमी झालं पण लाइट एक तृतीयांश वाचली. सीपीयू १२ कोअरचे रायझन आहेत, ते बायोसमधे, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमधे, कमी लाइट खाणाऱ्या इको मोडवर. आता तीन कार्ड आणि दोन सीपीयू मिळून भिंतीतल्या सॉकेटमधून हजार वॉटच्या आसपास ओढतात. आणि भंगारातून दहा जुने ऑफिसचे डेस्कटॉप उचलून फार्म, म्हणजे अशी गणित करणाऱ्या मशीनची रांग करायचा मोह होईल, मला झाला होता, करू नका. दहा जुनी मिळून जेवढं काम करतात तेवढं एक बरं कार्ड एकटं करतं आणि कितीतरी कमी लाइटमधे. कार्ड जुनं घ्यायला हरकत नाही, सप्टेंबर २०२२ मधे इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवर होणारं मायनिंग बंद झालं तेव्हा बाजारात कार्डांचा पूर आला होता, माझी तिन्ही त्यातलीच. घेताना फॅन मरायला टेकलेले असले तरी चालतात, आपण ते काढूनच टाकणार आहोत.

छतावर सोलर असेल तर मजा आहे, ३ किलोवॉटचं पॅनल दिवसाला साधारण १२ युनिट देतं आणि या फार्मला २४ लागतात, म्हणजे अर्धं भागलं. खान्देशात ऊन कमी पडेल ही भीती नाही.

वायरिंगमधे कंजुषी नको. जिथं पाणी आणि लाइट शेजारी बसणार तिथं आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइट तोडणारा स्विच पाहिजेच, ३० मिलीअँपिअरचा, आणि अर्थिंग खरं पाहिजे, सॉकेटमधे तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं. आमच्याकडं इलेक्ट्रिशियननं तपासलं तर तिसरी वायर भिंतीत शिरून तिथंच संपली होती! नवीन खड्डा करून कोळसा मीठ घालून अर्थिंग केलं मग पुढचं काम. फार्मला वेगळी २.५ एमएमची लाइन आणि वेगळा एमसीबी, पॉवर सॉकेटवर. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तोही बघून घ्या.

आता मुद्द्याचं. हे नीट वाचा कारण मी इथंच वर्ष वाया घालवलं.

वॉटर कुलिंग म्हटलं की लोकांना वाटतं पाणी आलं म्हणजे गारवा आला. पाणी नुसतं हमाल आहे भो. चिपमधली उष्णता उचलतं आणि दुसरीकडं नेऊन टाकतं. कुठं टाकायची ते तुम्ही ठरवायचं, आणि ते ठरवलं नाही तर ती उष्णता तुमच्याच खोलीत पडते. दुकानातला किट घेतलात तर उष्णता रेडिएटरमधून खोलीच्या हवेत जाते, आणि रेडिएटर काही केलं तरी पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पुण्या-नाशिकच्या माणसाला हे चालून जातं. आपल्याकडं मे मधे बाहेर ४५, वरच्या मजल्याची स्लॅब रात्री अकराला सुद्धा हाताला चटका देते, खोलीत ४०. माझ्या पहिल्या सेटअपमधे आतलं पाणी ५२ ला गेलं होतं, आणि बहुतेक पंपांची मर्यादा ६० ची असते. वर हजार वॉटचा हीटर खोलीत २४ तास. हीटर, मे महिन्यात, भुसावळात. विचार करा.

मग मी हुशारी केली, २०० लिटरचा निळा ड्रम आणला, भरला, त्यात तांब्याचा पाइप सोडला, म्हटलं एवढं पाणी कधी तापतंय. तापतं. हजार वॉट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी, २०० लिटरला भागिले की तासाला ४ डिग्रीच्या वर. संध्याकाळी ३० वर सुरू केलं, रात्री बारा वाजता ड्रममधे आंघोळीचं पाणी तयार. थंडीत आई खूश झाली असती.

उत्तर घरातच होतं, माठात. माठ पाण्याला गार करतो कारण थोडं पाणी उडतं आणि उडताना बाकीच्याची उष्णता घेऊन जातं. आपली हवा मे मधे भट्टीसारखी असली तरी कोरडी असते, आणि कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं. ४४ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३ च्या आसपास दाखवतो, करून बघा, पंख्यासमोर धरा. म्हणजे फुकटात २० डिग्री. दीपनगरच्या थर्मलचे ते मोठाले कुलिंग टॉवर हेच करतात. आणि घरगुती कुलिंग टॉवर प्रत्येक खान्देशी घरात पडलेला असतो, त्याला आपण कूलर म्हणतो.

करायचं असं. प्लास्टिकच्या टाकीचा कूलर घ्या. लोखंडी पत्र्याच्या टाकीत तांबं सोडलं की पत्रा गंजून चाळणी होतो. त्या टाकीत तांब्याच्या पाइपाचं वेटोळं बुडवायचं. पाइप एसी मेकॅनिककडं मिळतो, ३/८ इंची, मऊ, ५० फुटाची गुंडाळी येते, पातेल्याभोवती हळूहळू वळवायचा, घाई केली तर दबतो. मशीनचं गरम पाणी या वेटोळ्यातून फिरतं, कूलरच्या टाकीत उष्णता सोडतं, कूलरचा पंप ते टाकीतलं पाणी घासवर टाकतो, पंखा हवा ओढतो, पाणी उडतं, टाकी परत गार. दोन पाणी कधी एकमेकांत मिसळत नाहीत, आतलं स्वच्छ, बाहेरचं कसंही. हे महत्त्वाचं आहे, कूलरचं पाणी थेट मशीनमधे फिरवायचा विचार मनात आला तर आपल्या बाथरूमच्या नळावरचे पांढरे थर बघून या.

आणि ५० फूट सलग लावू नका. मी लावला, पंप पूर्ण जोरात, तरी पलीकडून करंगळीएवढी धार. ३/८ चा पाइप आतून बारीक असतो आणि एवढ्या लांबीला पंपाचा दमच पुरत नाही. मधे कापून २५-२५ फुटाचे दोन तुकडे केले आणि पितळी वाय लावून दोन्ही शेजारी-शेजारी जोडले, पाणी अर्धं यातून अर्धं त्यातून, लगेच धार मोकळी. मिनिटाला ४ लिटर मिळालं की भरपूर झालं, हजार वॉटला पाणी जाता-येता साडेतीन डिग्रीचाच फरक पडतो. बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मोजा.

वेटोळ्याला अर्थिंगची वायर क्लॅम्पनं बांधा. कूलरचा पाण्यातला पंप लीक होऊन टाकीत करंट उतरतो आणि दर उन्हाळ्यात त्यानं माणसं जातात, हे मी गमतीत सांगत नाहीये. टाकीत हात घालायच्या आधी प्लग काढायचा, स्विच बंद करणं पुरेसं नाही.

पाणी किती लागतं? नुसत्या हजार वॉटची उष्णता उडवायला तासाला दीड लिटर, दिवसाला ३६. पण कूलर स्वतःही पाणी पितो, बाहेरची ४४ ची हवा थंड करण्यात. मी सुरुवातीला मोठा डेझर्ट कूलर फुल स्पीडवर लावला होता तर दिवसाला २०० लिटरच्या वर गेलं, आणि आमच्याकडं नळ रोज येत नाही, घरात भांडणं झाली ती पाण्यावरून झाली लाइटवरून नाही. मग कळलं एवढी हवा लागतच नाही. आता जुना छोटा कूलर, सगळ्यात कमी स्पीडवर, दिवसाला ७०-८० लिटर. तेवढं पाणीसुद्धा ज्या गावात टँकर चालू आहे तिथं या कामाला वापरू नका, मे मधे मशीन बंद ठेवा, विश्व कुठं पळून जात नाही.

पाणी उडतं पण क्षार उडत नाहीत, ते टाकीतच राहतात आणि पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. म्हणून थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं. याला मी ठिबक लावलं! जळगाव जिल्ह्यात राहून ठिबक नाही वापरायचं तर कुठं वापरायचं. कूलरच्या पंपाच्या नळीला टी मारून १६ एमएमची काळी लॅटरल नळी काढली, शेवटी थेंब-थेंब पाणी सोडणारा एक ड्रिपर, खाली कढीपत्त्याची कुंडी आणि दोन अळूच्या. ड्रिपर ताशी ४ लिटरचा आहे पण कूलरच्या पंपाला शेतातल्यासारखा दाब कुठला, बाटली लावून मोजलं तर तासाला दीड लिटर पडतं, नेमकं पाहिजे तेवढंच. ७०-८० मधे हे धरलेलं नाही, हे वेगळं ३५ एक लिटर, पण ते झाडांना जातं म्हणून आई बोलत नाही. ड्रिपर चोक झाला की समजायचं टाकी साफ करायची वेळ आली. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करायचीच, डेंग्यूचे डास कूलरमधेही होतात.

आता मावशीचं. ती गेल्यावर मी कूलरच्या तोंडाशी थर्मामीटर धरला. माझी समजूत होती की कॉम्प्युटरची सगळी उष्णता त्या हवेत असणार म्हणजे हवा गरम असणार. आकडा आला २९. बाहेर ४४, घरात ४०, आणि मी २९ ची हवा गल्लीला वाटतोय! उष्णता वाफेत गेलेली असते ना, हवा नुसती दमट होते. त्या दिवसापासून मे मधे कूलरचं तोंड आत, समोरची खिडकी उघडी, मशीन मात्र दुसऱ्या खोलीत कारण त्या ओल्या हवेत क्षाराचे बारीक थेंब असतात. मावशीला फोन करून सांगितलं, ती म्हणे "मंग?"

आतला लूप, म्हणजे मशीनमधून फिरणाऱ्या पाण्याचा बंद रस्ता. ब्लॉक (चिपवर बसणारा आणि आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा), पंप, एक छोटी टाकी, नळ्या, फिटिंग. फिटिंग जी १/४ मापाच्या आट्यांची चालतात सगळीकडं. कार्डाचा ब्लॉक घेताना कार्डाचं नुसतं मॉडेल बघू नका, आतला बोर्ड कोणता ते बघा, एकाच नावाच्या कार्डात वेगवेगळ्या कंपन्यांचे बोर्ड वेगळे असतात आणि एका स्क्रूसाठी ब्लॉक बसत नाही. पूर्ण झाकणारा ब्लॉकच घ्या, मेमरीच्या चिपा पण तापतात. पेस्ट, पॅड लावणं व्हिडिओ बघून जमतं, त्यात काही नाही.

जमत नाही ते धातूचं. तांबं आणि पितळ एका लूपमधे चालतं, निकेल चालतं, ॲल्युमिनियम अजिबात नाही. मी ऑनलाइन स्वस्तात एक रेडिएटर मागवला होता, वर्णनात काही लिहिलं नव्हतं, हातात हलका लागला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. आठ महिन्यांनी एका कार्डाचं टेम्परेचर रोज एक-एक डिग्री चढायला लागलं, ब्लॉक उघडला तर आतल्या केसासारख्या बारीक खाचांमधे पांढरट-राखाडी चिखल, दह्यासारखा. टूथब्रश आणि दोन संध्याकाळी. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात म्हणजे बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम त्यात विरघळत जातं. घ्यायच्या आधी विचारा, पितळ-तांब्याचा आहे का, दुकानदार गोलमोल बोलला की सोडा.

पाणी डिस्टिल्ड, त्यात गंज न येणारं आणि शेवाळ न धरणारं औषध. आरओचं नको, बिसलेरी तर नकोच. नळी पारदर्शक घेतली तर दिसते छान पण खिडकीतलं ऊन पडलं की महिन्यात आत हिरवं. मी काळी रबराची वापरतो, दिसायला शेतातल्या मोटरसारखं दिसतं, दिसू दे.

भरताना घाई नाही. मशीनचा सप्लाय बोर्डापासून सोडवा, मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि काळी वायर यू-पिननं जोडा म्हणजे नुसता पंप चालतो, बोर्ड मेलेला राहतो. प्रत्येक जॉइंटखाली टिशू ठेवा आणि २४ तास नुसतं पाणी फिरू द्या. सुरुवातीला हुक्क्यासारखी गुडगुड येते, मशीन इकडं-तिकडं कलती करा, हवा निघते. मी पहिल्या रात्री तीनला उठून टॉर्च मारली तर दुसऱ्या कार्डाखालच्या टिशूवर रुपयाएवढा ओला डाग. फिटिंग खोललं, आतली रबरी रिंग पीळ पडून बसली होती, बोटानं सरळ करून परत आवळलं हातानंच, पाना लावायचा नाही. तो डाग बोर्ड चालू असताना पडला असता तर हा लेख लिहिलाच नसता. मशीन वर आणि कूलर खाली ठेवा म्हणजे नळी कधी निसटलीच तर पाणी खाली कूलरकडं ओढलं जाईल. आणि प्रत्येक वायर सॉकेटमधे जायच्या आधी खाली एक वळसा घालून वर न्या, थेंब वायरवरून ओघळला तर वळशातच टपकतो.

पंपाची स्पीड सांगणारी वायर बोर्डावरच्या सीपीयू फॅनच्या जागी लावा. पंप मेला तर बोर्डाला वाटतं फॅन मेला आणि तो ओरडतो किंवा बंद होतो, दोन्ही चालतं. लाइट परत येते तेव्हा पहिला झटका मोठा असतो, म्हणून मशीन लगेच आपोआप चालू होऊ देऊ नका, पाच मिनिटं थांबणारा टायमर मिळतो तो मधे टाका. काम चुकतंय का ते बघायला बॉइंकच्या खात्यात इनव्हॅलिड टास्क बघत जा. एकच काम बऱ्याचदा दोन वेगळ्या मशीनला देतात आणि उत्तरं जुळतात का बघतात, तुमची मेमरी जास्त तापत असेल तर उत्तर चुकतं आणि लाइट जळून पॉइंट शून्य.

बर्फाचं पण सांगून टाकतो, माझ्या हातून झालेलं. जूनच्या शेवटी चुलतभावाच्या लग्नातली बर्फाची अर्धी लादी उरली होती, मला वाटलं टाकीत टाकली तर कार्ड ३० वर चालतील, रेकॉर्ड होईल. झालं. तासाभरात नळ्यांवर आणि ब्लॉकवर बाहेरून दव धरलं, थंड कोकच्या बाटलीवर धरतं तसं, आणि बोर्डावर टपकलं. एक बोर्ड गेला. कूलरच्या पाण्यानं असं कधी होत नाही कारण उडून गार झालेलं पाणी दव धरायच्या टेम्परेचरच्या खाली जाऊच शकत नाही, कितीही दमट हवा असली तरी. एसीचं पाणी, बर्फ, फ्रिज हे सगळे उद्योग आपल्या कामाचे नाहीत.

माझे आकडे सांगतो म्हणजे ताळा करता येईल. मे मधे दुपारी तीनला बाहेर ४४, टाकी २७, आतलं पाणी ३४, कार्ड ४८ ते ५०. पावसाळ्यात हवा ओली असते, पाणी उडायला आळस करतं, टाकी ३० आणि आतलं ३७, तरी चांगलंच आहे, पण कूलरची हवा चिकट असते म्हणून जुलैपासून तोंड परत गल्लीकडं. दिवाळीनंतर कूलर बंदच. वेटोळ्याच्या दोन्ही तोंडांना व्हॉल्व्ह आहेत ते फिरवले की पाणी पितळी रेडिएटरकडं जातं, तो बेडरूममधे, पलंगाखाली. डिसेंबरात यावल-रावेरकडं केळीला चरका बसेल अशी थंडी पडते तेव्हा बाबा स्वतः विचारतात मशीन चालू आहे ना. माझं ७० टक्के काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होतं आणि मे मधे हल्ली मी एकच कार्ड चालवतो, बिल आणि पाणी दोन्ही सुसह्य राहतं.

राहिली साफसफाई. कूलर बंद करताना वेटोळं बाहेर काढा, त्यावर पांढरा थर असणारच, तो थर ब्लँकेटसारखा उष्णता अडवतो. ठिबकला शेतकरी ॲसिड ट्रीटमेंट देतात तसंच, पण आपण किराण्यातलं लिंबूसत्त्व वापरायचं, बादलीभर कोमट पाण्यात मूठभर, तासभर बुडवून ठेवा, थर फसफसून सुटतो, मग ब्रश. घास दरवर्षी नवीन, ड्रिपर स्वस्तात येतो तो फेकून नवीन लावा. आणि ते लिंबूसत्त्वाचं पाणी कढीपत्त्याला घालू नका, मी घातलं होतं, मोरीत सोडा.